संगणक सुरू होत नाही? आधी मेमरीची पट्टी तपासा



विहिरीवरची मोटार चालू झाली नाही, तर आपण लगेच नवी मोटार आणायला तालुक्याला जात नाही. आधी फ्यूज पाहतो, स्टार्टर पाहतो, केबलचे जोड तपासतो. घरातील संगणक बंद पडला की मात्र आपण हातपाय गाळतो. आज अनेक बागायतदारांच्या घरी संगणक आहे. फवारणीच्या नोंदी, मजुरीचा हिशेब, ठिबकचे वेळापत्रक, मुलांचा अभ्यास असे बरेच काही त्यावर असते. त्यामुळे तो सुरू न होण्याचे एक नेहमी आढळणारे आणि बहुधा घरीच दूर करता येणारे कारण समजून घेणे फायद्याचे आहे. हे कारण म्हणजे मेमरी, अर्थात रॅम.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. २०१६ च्या पावसाळ्यात आमचा संगणक सुरू होईना. पंखा फिरे, दिवा लागे, बीप-बीप आवाज येई; पडदा मात्र काळा. दुकानदाराने मदरबोर्ड गेल्याचे सांगितले. आम्ही जुना संच बदलीत देऊन नवा आणला. जुन्या संचाबरोबर त्यातील हार्डडिस्कही गेली आणि वडिलांनी पाच वर्षे लिहिलेला शेतीचा जमाखर्चही गेला. पुढच्याच वर्षी शेजाऱ्यांच्या संगणकाने तसेच आवाज काढले. मेमरीची पट्टी काढून, पुसून परत बसविली आणि तो सुरू झाला. आमच्या संगणकातही हाच दोष होता का, हे आता कधीच कळणार नाही. तपासणी दहा मिनिटांची होती, ती आम्ही केली नाही.

मेमरी म्हणजे काय?

हार्डडिस्क ही कणगी समजा आणि मेमरी हे खळे. धान्य कणगीत साठते, मळणीचे काम मात्र खळ्यावर होते. संगणकही कामापुरती माहिती डिस्कवरून मेमरीत आणतो आणि वीज बंद होताच मेमरी रिकामी होते. खळेच नसेल तर मळणी सुरूच होणार नाही. परंतु कणगीतले धान्य जागेवरच असते. म्हणून पडदा काळा राहिला याचा अर्थ नोंदी गेल्या असा नाही.

बटण दाबल्यावर संगणक प्रथम स्वतःची तपासणी करतो. त्यात मेमरी सापडली नाही तर पडद्यावर संदेश दाखविण्याआधीच काम थांबते. म्हणून तो बीपच्या आवाजाने किंवा मदरबोर्डवरील लहान दिव्याने दोष कळवितो.

लक्षणे

१) पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडद्यावर काहीच येत नाही.
२) ठरावीक अंतराने बीप वाजतात. संख्येचा अर्थ कंपनीप्रमाणे बदलतो, तो माहितीपुस्तिकेत पाहावा. काही संचांत बीपची सोयच नसते.
३) मदरबोर्डवर 'डीरॅम' असे लिहिलेला दिवा लागून राहतो.
४) संगणक आपोआप पुन्हापुन्हा चालू-बंद होतो.

पंखाच फिरत नसेल तर दोष बहुधा विजेच्या पुरवठ्यात असतो. मॉनिटरची केबल व त्याचा दिवा हेही आधी पाहून घ्यावे.

कारणे

पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी संपर्कबिंदू असतात. त्यांवर धूळ व दमट हवेने पातळ थर बसला की जोड नीट होत नाही. संच हलविल्याने पट्टी सैल होते. विजेच्या चढउताराने पट्टी निकामीही होऊ शकते. नवी पट्टी घातल्यावरच दोष आला असेल, तर ती जुळणारी नसावी.

तपासणीपूर्वी घ्यावयाची काळजी

बटण बंद करून वायर प्लगमधून काढावी. नंतर चालू करण्याचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. पट्टीला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला स्पर्श करावा. अंगावरील स्थिर विजेने पट्टी खराब होऊ शकते. वीजपुरवठ्याची पेटी मात्र कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात धोकादायक वीज राहू शकते.

तपासणीची पद्धत

१) पट्टी कोणत्या खाचेत आहे ते वहीत लिहावे. टोकाचे खटके बाजूला करून पट्टी सरळ वर काढावी आणि ती कडेला धरावी.
२) सोनेरी भाग शाळेतल्या पांढऱ्या मऊ खोडरबराने हलकेच पुसावा. कीस कोरड्या ब्रशने झटकावा. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळाल्यास अधिक चांगले. पॉलिशपेपर, पाणी किंवा रॉकेल वापरू नये.
३) खाचेतील धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढावी. तोंडाने फुंकू नये, त्याने ओलावा जातो.
४) पट्टीवरची खूण खाचेतल्या उंचवट्याशी जुळवून दोन्ही टोके अंगठ्यांनी सारखी दाबावीत. खटका 'टक्' असा बसला पाहिजे. अर्धवट बसलेली पट्टी हे दोषाचे मोठे कारण असते.
५) तरीही संगणक सुरू न झाल्यास व पट्ट्या दोन असल्यास एकच लावून पाहावी, नंतर दुसरी. मग खाच बदलावी. प्रत्येक वेळी वायर काढूनच हात घालावा.

प्रयोगाच्या वाफ्यात आपण एका वेळी एकच घटक बदलतो, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. येथेही तेच करावे. एक पट्टी कोणत्याही खाचेत चालत नसेल आणि दुसरी चालत असेल, तर पहिली पट्टी दोषी. कोणतीही पट्टी एकाच खाचेत चालत नसेल, तर खाच दोषी. वेगवेगळ्या चालतात पण एकत्र चालत नाहीत, तर त्या एकमेकींशी जुळणाऱ्या नसाव्यात.

डीडीआर-५ मेमरीचा संच पट्टी बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटे पडदा काळा ठेवू शकतो. घाईने बंद करू नये.

नवी पट्टी घेताना

जुनी पट्टी सोबत न्यावी. डेस्कटॉपच्या डीडीआर-३ पट्टीला २४० संपर्कबिंदू असतात, डीडीआर-४ व डीडीआर-५ ला २८८. तिन्हींच्या खुणेची जागा वेगळी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावून बसवू नये. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डालाच जोडलेली असते. तेथे घरी काही करता येत नाही.

संगणक सुरू झाल्यावर

काम संपले असे समजू नये. अर्धवट बिघडलेली पट्टी संगणक चालू देते, पण चुकीची माहिती डिस्कवर लिहू शकते. म्हणून विंडोजमधील 'मेमरी डायग्नोस्टिक' किंवा मोफत मिळणारी 'मेमटेस्ट८६+' ही चाचणी रात्रभर लावून ठेवावी. एकही चूक दाखविली तर चाचणी पट्टीगणिक करावी आणि दोषी पट्टी बदलावी. त्यानंतर सर्व नोंदींची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी.

एवढे करूनही यश न आल्यास तंत्रज्ञाकडे जावे. आपण काय काय तपासले ते वहीतून वाचून दाखवावे, म्हणजे त्याचा वेळ व आपला खर्च वाचेल. जुना संच बदलीत देण्याची वेळ आलीच, तर हार्डडिस्क आधी काढून आपल्याजवळ ठेवावी. खळे नवे करता येते. कणगी मात्र धान्यासकट देऊन टाकू नये.