'प्रादेशिक शैली' ओळखायची कशावरून?

लोकनाट्यावरच्या संशोधन आराखड्यात 'प्रादेशिक शैली' हे शब्द आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही शैली वेगळी आहे, हे कशावरून ठरवलं? आपलं उत्तर बहुतेक वेळा जिल्ह्याच्या नावावर थांबतं. पण जिल्हा म्हणजे ठिकाण. ते सांगितलं म्हणून शैली सांगून होत नाही.

कोकणाचंच घ्या. सिंधुदुर्गात दशावतार, रत्नागिरीत नमन. घटकांची यादी केली तर गणपती दोन्हीकडे येतो आणि संकासुरही दोन्हीकडे. नमनातली गवळण तर तमाशातही भेटते. नुसती यादी करून शैली वेगळी काढता येत नाही.

मग बोलीवरून ओळखायची का? तिथेही अडतं. दशावतारातला संकासुर मालवणीत बोलून हसवतो. पुढे आख्यान लागलं की देव आणि राजे मात्र भारदस्त प्रमाण मराठीत बोलतात, तेही लिखित संहितेशिवाय. एकाच रात्रीत भाषेची दोन रूपं ऐकू येतात.

चीनमध्ये हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर आहे. तिथे पारंपरिक संगीतनाट्याचे तीनशेहून जास्त स्थानिक प्रकार मोजतात आणि कथा पुष्कळदा त्याच असतात. म्हणून वर्गीकरण करताना मुख्यतः दोन गोष्टी बघतात: स्थानिक बोली आणि गाण्याची पद्धत. कुनचू या प्रकारात साथीला बासरी प्रमुख, तर बीजिंगच्या प्रकारात जिंगहू हे दोन तारांचं, गजाने वाजवायचं वाद्य. सिच्वानमधल्या एका पद्धतीत तंतुवाद्य नसतंच. फक्त तालवाद्यं आणि मागून साथ देणारे गायक.

गंमत पुढे आहे. बीजिंगची म्हणून ओळखली जाणारी शैली मुळात बाहेरून आलेल्यांनी घडवली. 1790 मध्ये सम्राट छियानलोंगच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त आन्हुई प्रांतातली मंडळी राजधानीत आली. नंतर त्यांच्या चालींत हुबेईकडच्या चाली मिसळल्या आणि त्यातून ही शैली उभी राहिली. तिच्यातही प्रतिष्ठित पात्रं घडीव नाट्यभाषेत बोलतात आणि विदूषक बीजिंगच्या बोलीत. आपल्या संकासुरासारखंच!

म्हणून 'भाषा कुठली?' एवढंच विचारू नका. 'कुठलं पात्र, कुठल्या क्षणी, कुठल्या भाषेत बोलतं?' असं विचारा. ही वाटणी नोंदवता येते, दोन प्रयोगांत ताडून बघता येते. वाद्यं आणि चाली यांचंही तसंच.

आता मुंबईकडे या. शीवहून परळ म्हणजे धीम्या लोकलने तिसरं स्टेशन. कोकणातल्या चाकरमान्यांनी परळ-लालबागच्या गिरणगावात आपल्या कलाही आणल्या. 'अस्सल' शैली गावातच असते असं आधीच धरलं, तर मुंबईतला प्रयोग 'भेसळ' ठरतो आणि आपण तो अभ्यासातून वगळतो. खरं तर आपला प्रश्न इथेच तपासता येतो. समोर मालवणी न समजणारी पिढी बसली की संकासुर भाषा बदलतो का? की बाकी सगळं बदलतं आणि त्याची मालवणी तेवढी टिकते? उत्तर काहीही आलं तरी तो निष्कर्षच आहे.

आणि हे काम लांबणीवर टाकू नका. संहिता नसलेल्या नाटकाचा प्रयोग हाच त्याचा दस्तऐवज. नोंद झाली नाही, तर पुढच्या संशोधकाला पडताळायला काहीच उरणार नाही.