ताट रंगवणाऱ्यांचं पोटपाणी

गोड्या मसाल्याच्या पाकिटावरचे धणे-खोबरं, फराळाच्या डब्याच्या झाकणावरच्या करंज्या, कॅफेच्या भिंतीवरचा वडापाव, मुलांच्या पुस्तकातलं गुबगुबीत वांगं. ही चित्रं रोज नजरेखालून जातात, पण ती कोणी काढली हे सहसा कोणी विचारत नाही. बऱ्याचदा ती घरातल्याच एका टेबलावर, एकट्याने काम करणाऱ्या चित्रकाराने काढलेली असतात. त्याला ऑफिस नसतं, पगाराची तारीख नसते, दिवाळीचा बोनस तर नसतोच. मी त्यांतलीच एक. “खाण्याची चित्रं काढून खायला मिळतं का गं?” हा प्रश्न प्रत्येक लग्नकार्यात एखादी मावशी विचारतेच. प्रश्न खवचट असला तरी रास्त आहे, आणि निदान पाचशे वर्षं जुना आहे.

सुलतान, सरकार आणि शिकवणी

माळव्याचा सुलतान घियासुद्दीन याने १४६९ ते १५०० या काळात मांडूहून राज्य केलं. राज्यापेक्षा त्याला खाण्यात रस जास्त. त्याच्या हौसेपोटी ‘निमतनामा’ हा पाककृतींचा ग्रंथ लिहायला घेतला गेला आणि त्याचा मुलगा नासिरुद्दीन याच्या काळात तो पुरा झाला. त्यात सामोशांच्या कृती आहेत, सरबतं आहेत, अत्तरं आहेत आणि ५० लघुचित्रं आहेत. चुलीवर भांडी चढलेली, सेवक ढवळताहेत, तळताहेत आणि मिशाळ सुलतान जातीने लक्ष ठेवून आहे. हा ग्रंथ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. सुलतानाचं नाव उरलं, पदार्थांची नावं उरली, चित्रकारांची मात्र उरली नाहीत. त्यांची चूल दरबारावर चालत होती, एवढंच म्हणता येतं.

चारशे वर्षांनी चित्रकार पोसण्याचं हे काम अमेरिकेच्या कृषी खात्याने केलं. १८८६ पासून तिथे फळांची जलरंगातली चित्रं करून घेण्यात आली. रंगीत छायाचित्रण तेव्हा हाताशी नव्हतं आणि फळाची जात ओळखायला रंग तर हवाच. साडेसात हजारांहून जास्त चित्रं जमली. त्यांतली निम्मी सफरचंदांची, पण आंब्याचीही आहेत. डेबोरा ग्रिस्कम पासमोर या एकट्या चित्रकर्तीने सुमारे दीड हजार चित्रं काढली. फळ अख्खं, मग उभं कापलेलं. डाग असेल तर डागासकट, कीड असेल तर किडीसकट. ही नोकरी होती. पगार सरकारी आणि चित्रंही सरकारी.

तिसरा वेन थीबो, १९२० ते २०२१ असं शंभर वर्षांचं आयुष्य लाभलेला अमेरिकन चित्रकार. काचेच्या कपाटात ओळीने मांडलेले केक आणि ‘पाय’ (pie) ही त्याची ओळख. तो समोर केक ठेवून चित्र काढत नसे, आठवणीतून काढी. केकवरचं क्रीम रंगवताना तैलरंगच क्रीमसारखा जाड थापी आणि वस्तूच्या कडेला निळ्या-नारिंगी रेषा सोडी. त्यामुळे साधी बशीही उजेडात न्हायल्यासारखी दिसे. १९६२ मधल्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाने त्याचं नाव झालं, तेव्हा त्याने चाळिशी ओलांडलेली होती. तोवर त्याने जाहिरातींची चित्रं काढली होती आणि पुढे अनेक वर्षं कॅलिफोर्निया विद्यापीठात, डेव्हिसला शिकवलं. दर महिन्याची भाकरी मास्तरकीने दिली.

आपल्याकडेही तऱ्हा निरनिराळ्या. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६६ मध्ये युस्टस फर्नांडिस यांनी एका जाहिरात संस्थेसाठी रेखाटली. वसंत सरवटे यांनी सिमेंट कंपनीत इंजिनिअरची नोकरी सांभाळून आयुष्यभर रेखाटनं केली. गोव्याहून आलेल्या दीनानाथ दलालांनी मात्र १९४५ मध्ये ‘दीपावली’ हे स्वतःचंच नियतकालिक काढलं. आपली चित्रं छापणारा मालक आपणच व्हायचं, हा मराठीतला स्वतंत्र चित्रकारीचा सगळ्यात धाडसी प्रयोग म्हणावा लागेल.

आज सुलतान नाही, कृषी खातं चित्रं काढून घेत नाही आणि नियतकालिक काढण्याची ऐपत फार थोड्यांची. मग स्वतंत्र खाद्यचित्रकाराची चूल कशावर पेटते? चित्रकलेवर पेटते, हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं करारावर.

फोटो असताना चित्र कशाला?

फोटोला पदार्थ शिजवून समोर ठेवावा लागतो, चित्राला नाही. हुरडा आणि हापूस एकाच पानावर हवे असतील तर फोटोवाल्याला दोन हंगाम थांबावं लागेल. पुरणपोळीची कृती, म्हणजे पुरण भरणं, उंडा बंद करणं, लाटणं, तव्यावर टाकणं, एका पानात बसवायची तर चित्रच सोयीचं. मिसळीचा उभा छेद काढून खाली उसळ, वर फरसाण, त्यावर तर्री असे थर दाखवता येतात. खऱ्या मिसळीला असं कापता येत नाही.

दुसरं कारण रंगाचं. आपल्या जेवणाचा मूळ रंग पिवळ्यापासून तपकिरीपर्यंतचा. आमटी, उसळ, झुणका, थालीपीठ, चकली शेजारी शेजारी ठेवून बघा, सगळं एकाच कुटुंबातलं. चित्रकार तपकिरीतल्या तपकिरीत फरक करतो. बर्न्ट सिएनात किंचित अल्ट्रामरीन घातला की काळ्या मसाल्याची खोली येते, यलो ऑकर वाढवला की भाजणीचा खमंगपणा. नुसता काळा रंग अन्नात घालायचा नाही, पदार्थ करपल्यासारखा दिसतो. तर्रीवरची चमक रंगाने येतच नाही. तेवढा कागद कोरा सोडावा लागतो आणि कुठे सोडायचा हे पहिला ब्रश टेकवण्याआधी ठरवावं लागतं.

मुरड आणि कातणं

खाद्यचित्रकाराची परीक्षा बघायची असेल तर त्याला करंजी काढायला सांगावी. अर्धचंद्र कोणीही काढेल. अडतं ते कडेला. कातण्याने कापलेली कड नागमोडी आणि सारखी असते, कारण चाकाचे दाते सारखे असतात. मुरड घातलेली कड तशी नसते. अंगठा आणि तर्जनीने कड चिमटीत घेऊन आत वळवायची, तिच्यावर पुढची घडी अर्धी चढवायची, असं करत दुसऱ्या टोकाला जायचं. साहजिकच घड्या एकाच दिशेने कललेल्या असतात, मध्यावर जरा ऐसपैस आणि टोकांना आखडलेल्या. सगळ्या घड्या एका मापाच्या काढल्या की करंजी साच्यातली दिसते. मग तळणीच्या खुणा. पोटावर बारीक फोड, कडेला रंग थोडा गडद. साट्याची करंजी असेल तर पदर सुटलेले दिसायला हवेत.

चकलीचंही तसंच. तिचे काटे सोऱ्याच्या चकतीतून येतात, त्यामुळे ते वेढ्याबरोबर फिरतात, चित्रकाराच्या मर्जीने उभे राहत नाहीत. शेवटचं टोक दाबून चिकटवलेलं असतं, नाहीतर चकली तेलात सुटते. आज्ञा देताच चित्र काढून देणारी संगणक प्रणाली हे टोक अनेकदा विसरते. तिच्या चकलीला सुरुवात असते, शेवट नसतो. मोदकाच्या पाकळ्या वर नाकाशी एकत्र याव्या लागतात, तिथे ती लसणाचा गड्डा काढून बसते. अशा चित्रांमुळे मेन्यूकार्डावरची छोटी, स्वस्तातली कामं आमच्या हातून गेली, हे खरं आहे. जिथे गिऱ्हाइकाच्या आजीला चित्र दाखवलं जाणार असतं, ती कामं टिकली.

वाचक एरवी पुष्कळ माफ करतो, ताटातली डावी-उजवी बाजू माफ करत नाही. मीठ वर, चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे, भाजी आणि आमटी उजवीकडे, ही मांडणी लोकांच्या डोळ्यांत बसलेली आहे. पानाच्या रचनेत चित्र उलट्या बाजूला बरं दिसतं म्हणून कोणी मांडणीकार संगणकावर ते आरशासारखं फिरवतो आणि कोशिंबीर उजवीकडे जाते. शिव्या मात्र खाली सही असलेल्याला बसतात. म्हणून ‘चित्र उलटवू नये’ ही ओळ मी फाइलच्या नावातच घालते.

आमचं पंचांग वेगळं

गणपतीचे मोदक मे महिन्यात काढायचे. दिवाळीच्या फराळाचे डबे पावसाळ्यात छापायला जातात, त्यामुळे बाहेर आषाढसरी आणि टेबलावर अनारसे. दिवाळीत तिळगूळ, संक्रांतीच्या आसपास आंब्याची पेटी. आषाढात अनारसा समोर मिळत नाही, म्हणून प्रत्येक सणाला खाण्याआधी फोटो आणि रेखाटनं करून ठेवावी लागतात. घरचे ताटावर बसून वाट बघतात, कुरकुरतात, पण पुढच्या वर्षीची कमाई त्या कच्च्या वहीत असते.

काम ठरलं की आधी पेन्सिलीतले दोन-तीन कच्चे आराखडे, त्यावर गिऱ्हाइकाच्या सूचना, मग रंग. पाकिटाचं काम असेल तर चित्राला मिळणारी जागा दिसते त्याहून कमी असते. शाकाहाराचा हिरवा ठिपका किंवा मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण, १४ आकडी अन्न परवाना क्रमांक, घटक, वजन, किंमत हे सगळं बसवायचं असतं. शिवाय वेष्टनावरच्या चित्राने ग्राहकाची दिशाभूल होता कामा नये, असा नियम आहे. मसाल्यात काजू नसेल तर पाकिटावर काजू शोभेलाही काढू नये.

शेवटचा अडथळा छपाईचा. पडद्यावर झळकणारी केशरी जिलबी छापखान्याच्या चार शाईंत मळकट होते. हळदीचा पिवळा हिरवट झुकतो. जलरंगाचे फिकट हात स्कॅन करताना उडून जातात. म्हणून मूळ चित्र छपाईच्या आकाराला किमान ३०० डीपीआयने स्कॅन करायचं, कडेला ३ मिलिमीटर जास्तीचा रंग सोडायचा आणि मशीनवर चढण्याआधी एक छापील नमुना मागायचा.

चित्र विकलं की हक्क?

“ताई, छोटंसंच तर चित्र आहे, अर्ध्या तासाचं काम. आणि खाली नाव देऊ की!” हे वाक्य प्रत्येक स्वतंत्र चित्रकाराने ऐकलेलं असतं. खरी मेख मात्र तासांच्या हिशेबातच आहे. चित्राची किंमत वेळेवर ठरत नाही, वापरावर ठरते. तीच कोकमाची फांदी मासिकात एकदा छापली तर एक दर, सरबताच्या बाटलीवर दोन वर्षं राहिली तर दुसरा, कॅलेंडरवर गेली तर तिसरा. शेत विकणं आणि खंडाने देणं यात जो फरक, तोच इथे. अमेरिकेतल्या ग्राफिक आर्टिस्ट्स गिल्डचं दर आणि करारांविषयीचं मार्गदर्शक पुस्तक १९७३ पासून निघतं आहे आणि त्याचा सगळा भर याच तत्त्वावर आहे.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदाही चित्रकाराच्या बाजूने बरंच बोलतो, पण तो वाचावा लागतो. साधारणपणे कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. मात्र कोणी पैसे देऊन रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र करून घेतलं आणि उलट करार नसला, तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो. गप्प बसलं तर हक्क जातो, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. हक्क सोपवायचे तर ते लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. मगांवर, टॉवेलांवर चित्र छापणाऱ्यांनी आणखी एक कलम लक्षात ठेवावं. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी रचना न नोंदवता तिच्या पन्नासहून जास्त वस्तू कारखान्यात काढल्या, तर त्या रचनेवरचा कॉपीराइट संपतो.

नोंदणी सक्तीची नाही, पण उपयोगी. कलाकृतीला शुल्क ५०० रुपये. मालावर वापरण्याजोगी असेल तर २,००० रुपये आणि सोबत ट्रेडमार्क कार्यालयाचा दाखला. मसाल्याच्या पाकिटावरचं चित्र या दुसऱ्या प्रकारात मोडतं.

थकलेलं बिल

काम मिळणं एक, पैसे हातात येणं दुसरं. “साहेब बाहेरगावी आहेत” आणि “बिल पासिंगला आहे” ही दोन उत्तरं पाठ झाल्यावरच या धंद्यात मुरल्यासारखं वाटतं. उपाय आहेत. निम्मी रक्कम आगाऊ. आराखड्यावर काम थांबलं तर काय मिळणार, हे आधीच लिहिलेलं. दोनपेक्षा जास्त दुरुस्त्यांना वेगळा आकार. एकट्या चित्रकारालाही ‘उद्यम’ नोंदणी फुकट करता येते. ती असली की २००६ चा सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांचा कायदा पाठीशी उभा राहतो. करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. ऑनलाइन तक्रारही करता येते. प्रत्यक्षात नुसता या कायद्याचा उल्लेख बिलावर छापला तरी बरेच चेक सुटतात. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर आपल्या राज्यात साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. कापलेला टीडीएस मात्र विवरणपत्र भरूनच परत मिळवायचा असतो. तो विसरणारे चित्रकार कमी नाहीत.

एवढं करूनही एका पायावर हा संसार उभा राहत नाही. पाकिटं, पुस्तकं, कॅफेच्या भिंती, प्रदर्शनातला स्टॉल, शनिवार-रविवारच्या कार्यशाळा असे चार-पाच झरे लागतात. त्यांत संथ पण न आटणारा झरा म्हणजे जुन्या चित्रांचे हक्क. तीन वर्षांपूर्वीची कोकमं पुन्हा कोणाला तरी हवी असतात, फक्त ती आपली आहेत हे कागदावर सिद्ध करता आलं पाहिजे.

हा कागद आपल्यानंतरही चालतो. भारतात कॉपीराइट कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. दलाल १९७१ मध्ये गेले. ज्या चित्रांचे हक्क त्यांनी स्वतःकडे राखले असतील, त्यांचं संरक्षण २०३१ अखेरपर्यंत आहे. म्हणून या क्षेत्रात नव्याने येणारी मुलं “कुठले रंग वापरू?” असं विचारतात तेव्हा मी रंग सांगते, आणि लगेच कराराचा एक नमुना हातात देते. त्या मावशीलाही आता हेच उत्तर देते: खायला मिळतं, पण वाढण्याआधी पंगत कोणाची ते लिहून घ्यावं लागतं.