जटिल गुंतवणूक निधी आणि वैयक्तिक गुंतवणूकदार : किमान रकमेच्या अटीची मर्यादा

प्रस्तावना :
काही गुंतवणूक निधींची रचना इतकी गुंतागुंतीची असते की, माहितीपत्रक वाचूनही सामान्य बचतदाराला जोखमीचा अंदाज येत नाही. अशा निधींपासून त्याला दूर ठेवण्यासाठी सेबीने प्रामुख्याने किमान रकमेची अट घातली आहे. ही अट नेमके कोणाचे रक्षण करते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विद्यमान तरतुदी :
२०१२ च्या नियमांनुसार पर्यायी गुंतवणूक निधीत सर्वसाधारणपणे किमान १ कोटी रुपये गुंतवावे लागतात. पोर्टफोलिओ व्यवस्थापन सेवेची किमान मर्यादा २०१२ मध्ये ५ लाखांवरून २५ लाख आणि २०२० च्या नियमांनी ५० लाख रुपये झाली. १ एप्रिल २०२५ पासून म्युच्युअल फंड व ही सेवा यांच्यामधील 'विशेषीकृत गुंतवणूक निधी' अस्तित्वात आला. त्याची मर्यादा १० लाख रुपये आहे.

विश्लेषण :
मोठी रक्कम गुंतवणारा तोटा सोसू शकतो व सल्लाही मिळवू शकतो, हे या अटीमागील गृहीतक होय. परंतु नाशिकमधील एखाद्या प्राध्यापकास निवृत्तीच्या वेळी सर्व मिळून ६० लाख रुपये हाती आले, असे समजू. पोर्टफोलिओ सेवेचे दार त्यांना खुले होते. मात्र आत जाण्यासाठी आयुष्यभराच्या बचतीपैकी ८३ टक्के रक्कम एकाच ठिकाणी ठेवावी लागते. याउलट २०२१ च्या तरतुदींनुसार वार्षिक २ कोटी रुपये उत्पन्न असणारी व्यक्ती 'मान्यताप्राप्त गुंतवणूकदार' म्हणून किमान मर्यादेपेक्षा कमी रक्कमही गुंतवू शकते. म्हणजेच धनिकाला जोखीम विभागण्याची सवलत मिळते, तर निवृत्ताला ती एकवटावी लागते. शिवाय रक्कम आकलनाची साक्ष देत नाही. सेबीच्या सप्टेंबर २०२४ मधील अभ्यासानुसार समभाग वायदे व ऑप्शन्समध्ये ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तीन वर्षांत तोटा झाला. हे व्यवहार निधींहून भिन्न असले, तरी जटिल साधनांतील प्रवेश आणि त्यांचे आकलन यांतील अंतर त्यावरून दिसते.

निष्कर्ष :
किमान रकमेची अट लहान बचतदाराला रोखते, हे मान्य केले पाहिजे. तथापि तिच्या जोडीला एकूण संपत्तीच्या प्रमाणात कमाल मर्यादा आणि गुंतवणूकदाराच्या आकलनाची साधी चाचणी असणे आवश्यक वाटते. संपत्तीची पडताळणी कठीण असली, तरी स्वयंघोषणेपासून प्रारंभ करता येईल. तोपर्यंत, 'मी पात्र आहे का?' या प्रश्नाआधी 'ही रक्कम माझ्या एकूण बचतीचा कितवा हिस्सा आहे?' हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारणे हितावह ठरेल.