दह्यातली कोशिंबीर

परभणी–परळी लोहमार्गावर पोखर्णी हे गाव आहे. या भागात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. अशा दिवसांत भाकरीबरोबर दह्यातली थंडगार कोशिंबीर फार चांगली लागते. बिर्याणीबरोबर आपण खातो तो रायता हिचाच भाऊ!

कोशिंबीर कशी करतात ते पाहू. दोन काकड्या धुऊन सोलाव्यात. प्रत्येक काकडी आधी चाखावी, कारण एक कडू काकडी सगळे दही बिघडवते. काकड्या बारीक चिराव्यात. त्यांत वाटीभर घट्ट, ताजे दही, भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, कोथिंबीर व चिमूटभर साखर घालावी. मोहरी-जिऱ्याची फोडणी करून ती निवल्यावर वर ओतावी. फार गरम फोडणीने दही फुटते.

मीठ मात्र जेवायला बसतानाच घालावे. असे का? मीठ काकडीतले पाणी बाहेर ओढते. ते आधी घातले, तर काकडी मऊ पडते आणि दही पातळ होते.

उन्हाळ्यात दह्यातले जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून दही लवकर आंबते. सकाळची कोशिंबीर रात्रीपर्यंत टिकत नाही. ती टाकली, तर दूधही वाया जाते आणि मेहनतही. म्हणून लागेल तेवढीच करावी व ताजी खावी.