मिठागराच्या बांधावरून गिरिप्रवचन

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वेंगुर्ले तालुक्यात वसलेले शिरोडा हे गाव मराठी वाचकाला वि. स. खांडेकरांच्या शाळेमुळे आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे परिचित आहे. परंतु त्याहून जुनी अशी या गावाची ओळख म्हणजे तेथील मिठागरे, आणि बायबलमधील एका अत्यंत प्रसिद्ध वचनाचा अर्थ ही मिठागरे जितका उलगडून दाखवतात तितका जाडजूड टीकाग्रंथही क्वचितच दाखवतात. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशूचे गिरिप्रवचन, म्हणजे डोंगरावर बसून शिष्यांना आणि जमलेल्या लोकांना केलेला उपदेश, सुरू होते. दीन, शोकाकुल, सौम्य आणि न्यायासाठी भुकेलेली माणसे धन्य आहेत असे सांगणारे ‘धन्योद्गार’ संपताच येशू आपल्या श्रोत्यांना पृथ्वीच्या मिठाची उपमा देतो आणि लगेच बजावतो की मिठाची चवच गेली तर ते कशाने खारट करणार. असे मीठ बाहेर टाकले जाते आणि लोक ते तुडवतात. हे वचन सत्काराच्या भाषणांत आणि समाजसेवकांच्या श्रद्धांजलीत इतके वापरले गेले आहे की ते निव्वळ कौतुकाचे शब्द वाटू लागले आहेत. वास्तविक त्यात कौतुक थोडे आणि जबाबदारी फार आहे.

ज्या लोकांपुढे हे शब्द उच्चारले गेले ते गालील सरोवराच्या काठचे मच्छीमार, शेतकरी आणि मजूर होते. त्याच सरोवराकाठी मग्दाला नावाचे गाव होते. येशूची शिष्या मग्दालीया मरिया तेथली. या गावाचे तारिखेआ हे ग्रीक नाव खारवलेल्या माशांच्या धंद्यावरून पडले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. उष्ण प्रदेशात पकडलेला मासा खारवला नाही तर काही तासांत नासतो, त्यामुळे त्या श्रोत्यांच्या दृष्टीने मीठ ही चवीपूर्वी टिकवण्याची वस्तू होती. मालवणी मुलखातील घरांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पावसाळा तोंडावर आला, होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, की खारवलेला बांगडा, खारातल्या कैऱ्या आणि मीठ घालून साठवलेले कोकमाचे आगळ यांच्या बेगमीवरच पुढचे चार महिने निघायचे असतात. बरणीत कैऱ्यांचा आणि मिठाचा थर आलटून पालटून घालणाऱ्या हाताला पुरते ठाऊक असते की मीठ हात राखून घातले तर सारी बरणी बुरसते. कुजण्याला अडवणे हे मिठाचे पहिले काम आहे, आणि ज्या समाजात लबाडी, लाच आणि दुर्बळांची लूट ही नेहमीची बाब झाली आहे तेथे श्रद्धावंताने नेमके कोणते काम करायचे, हे त्या उपमेने सांगून टाकले आहे.

तरीही वचनाचा उत्तरार्ध अनेकांना कोड्यात टाकतो, कारण मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड हा अत्यंत स्थिर क्षार आहे. तो शिळा होत नाही, कुजत नाही आणि आपली चव टाकत नाही. या कोड्याचे उत्तर मिठागराच्या कामातच आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात आणि त्यांपैकी खाण्याचे मीठ साधारण २७ ग्रॅम असते. बाकीचे मॅग्नेशियमचे, कॅल्शियमचे आणि पोटॅशियमचे क्षार असतात. भरतीचे पाणी आत घेऊन मातीच्या बांधांनी आखलेल्या उथळ वाफ्यांतून ते टप्प्याटप्प्याने फिरवले जाते, ऊन आणि वारा त्याची वाफ करत राहतात, आणि पाणी दाट होत जाते तसे आधी चुना आणि जिप्सम तळाला बसतात. मूळ पाण्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरला की मग मिठाचे दाणे धरू लागतात. येथे कामगाराची खरी पारख असते. मिठाचे दाणे धरल्यावर जे कडवट पाणी उरते त्यात मॅग्नेशियम भरपूर असते, ते वेळीच काढून टाकले नाही आणि लोभाने सारा वाफा कोरडा होऊ दिला तर मीठ कडू होते आणि पावसाळी हवेत पाणी धरून पाघळते.

प्राचीन पॅलेस्टाइनमध्ये मृत समुद्राच्या काठचे मीठ असेच माती, जिप्सम आणि इतर क्षार मिसळलेले असे. दमट जागी ठेवलेल्या अशा ढिगातून खरे मीठ आधी विरघळून वाहून जाते आणि मागे पांढरी, दिसायला मिठासारखीच, परंतु चव नसलेली भुकटी उरते. येशूच्या इशाऱ्याची धार येथे आहे: नाव राहते, रंग राहतो, ढीगही राहतो, आणि आतले सत्त्व कधी निघून गेले ते कळत नाही. रविवारची उपासना चुकत नाही, गळ्यात क्रूस असतो, घरात वेदी असते, नाताळचा गोठा दरवर्षी थाटाने उभा राहतो, आणि तरीही शेजाऱ्याच्या जमिनीचा बांध कोरताना किंवा मोलकरणीची मजुरी कापताना मनाला काहीच बोचत नाही, तेव्हा मिठाची ती भुकटी झालेली असते. हे केवळ ख्रिस्ती माणसाला लागू आहे असे नाही, पण त्याला ते आधी लागू आहे, कारण ते त्यालाच उद्देशून सांगितले गेले.

बायबलमध्ये मिठाचा धागा याहून बराच मागे जातो. लेवीय ग्रंथाने प्रत्येक अन्नार्पणात मीठ घालण्याची आज्ञा दिली, आणि गणना ग्रंथात देव व याजककुळ यांच्यातील कधीही न मोडणाऱ्या बंधनाला मिठाचा करार म्हटले आहे. एकत्र मीठ खाल्लेल्यांनी एकमेकांना दगा द्यायचा नाही, अशी त्यामागची पौर्वात्य समजूत आहे. एज्राच्या ग्रंथात पर्शियाचे अधिकारी अर्तहशश्त राजाला लिहितात की आपण राजवाड्याचे मीठ खातो, म्हणून राजाची हानी पाहत बसणे आपल्याला शोभत नाही. खाल्ल्या मिठाला जागण्याची भाषा बोलणाऱ्या महाराष्ट्राला त्या दूरच्या दरबाराचे मन ओळखीचे वाटावे. दुसऱ्या राजांच्या ग्रंथात अलीशा संदेष्टा यरीहोच्या नापीक करणाऱ्या झऱ्यात मीठ टाकतो आणि पाणी निरोगी होते. रोमन कॅथलिक परंपरेत पवित्र पाण्यात मीठ मिसळताना म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेत या कथेचे स्मरण केले जाते. १९६९ मध्ये बाप्तिस्म्याचा विधी सुधारण्यापूर्वी बाळाच्या जिभेवर मिठाचा कण ठेवण्याचीही रीत होती.

बायबलला मिठाची दुसरी बाजूही माहीत आहे. शास्ते या पुस्तकात अबीमलेख जिंकलेले शखेम नगर उद्ध्वस्त करून तेथे मीठ पेरतो. कोकणात खारबंधारा, म्हणजे भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून खाडीकाठी घातलेला बांध, फुटला की भाताच्या मळ्यांची काय दशा होते हे पाहिलेल्या शेतकऱ्याला त्या कथेतील क्रौर्य ताबडतोब कळते. एकदा खारे पाणी आत आले की ती जमीन पूर्ववत व्हायला अनेक पावसाळे जावे लागतात. मीठ जेवणात हवे, शेतात नको, आणि जेवणातही प्रमाणात हवे. धर्माच्या बाबतीत हे प्रमाण सुटले म्हणजे श्रद्धा दुसऱ्याच्या जेवणाची चव वाढवण्याऐवजी त्याची जमीन नापीक करू लागते, आणि इतिहासात ख्रिस्ती सत्तांच्या हातूनही हे घडले आहे. शिरोड्याच्या दक्षिणेला तेरेखोलच्या खाडीपलीकडच्या गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेले धर्मन्यायालय, ज्याला इन्क्विझिशन म्हणतात, हे त्याचे जवळचे आणि वेदनादायक उदाहरण आहे.

मार्कच्या शुभवर्तमानात मिठाचे वचन वेगळ्या प्रसंगी येते, आणि तो प्रसंग रोजच्या जीवनाच्या फार जवळचा आहे. कफर्णहूमच्या वाटेवर शिष्यांमध्ये वाद झालेला असतो की आपल्यात मोठा कोण. येशू विचारतो तेव्हा ते ओशाळून गप्प राहतात. पुढे त्याच बोलण्याच्या अखेरीस तो त्यांना सांगतो की तुमच्या अंगी मीठ असू द्या आणि एकमेकांशी शांतीने राहा. पालखीच्या मानपानावरून भांडणारी गावे आणि फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या वार्षिक उत्सवाच्या, यजमानपदावरून रुसणारी घराणी कोकणाला नवी नाहीत, म्हणून हा संदर्भ येथे मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. अन्नात विरघळलेले मीठ दिसत नाही. ते दिसू लागले, दाताखाली आले, तर जेवणारा तोंड वाकडे करतो. पहिल्या पानावर बसण्याची हौस असलेल्याने पृथ्वीचे मीठ होण्याची आशा धरू नये, इतका तो उपदेश सरळ आहे.

या वचनाचा शिरोड्याशी आलेला ऐतिहासिक संबंध मात्र कोणी योजून आणलेला नाही, म्हणूनच तो विलक्षण वाटतो. मोहनदास गांधी लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करत असताना त्यांनी बायबल वाचले. जुन्या कराराचा बराच भाग त्यांना कंटाळवाणा वाटला, परंतु गिरिप्रवचन थेट काळजाला भिडले, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. दुष्टाईचा प्रतिकार दुष्टाईने न करण्याची, एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करण्याची ती शिकवण सत्याग्रहाच्या जडणघडणीत गीतेबरोबर मिसळून गेली. मार्च १९३० मध्ये व्हाइसरॉय आयर्विन यांना लिहिलेल्या पत्रात गांधींनी मिठावरील कर हा गरिबांवरील सर्वांत मोठा अन्याय ठरवला. ते पत्र रेजिनाल्ड रेनॉल्ड्स या क्वेकर पंथाच्या, म्हणजे युद्धाला धर्मतः नकार देणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, तरुण इंग्रजाच्या हाती पाठवण्यात आले, आणि दांडीपर्यंत चाललेल्या निवडक सत्याग्रहींमध्ये केरळचे टायटस हे ख्रिस्ती गृहस्थही होते. ६ एप्रिलला दांडीला कायदा मोडला गेला आणि मे महिन्यात महाराष्ट्राच्या सत्याग्रहींनी शिरोड्याची मिठागरे गाठून तेथे मीठ उचलले व तुरुंगवास पत्करला. उन्हात राबून घाम गाळणाऱ्या मजुराला मीठ अधिक लागते, त्यामुळे हा कर गरिबाच्या अंगाला सर्वांत जास्त झोंबत होता. गिरिप्रवचनाने घडवलेला एक हिंदू नेता मिठासाठी लढतो आणि त्या लढ्याचे एक ठाणे शिरोडा ठरते, यात त्या वचनाचे असे एक भाष्य आहे जे कोणत्याही धर्मपीठावरून झालेले नाही.

बायबलच्या कथा या किनाऱ्याच्या भाषेत सांगण्याची परंपरा तर चारशे वर्षांहून जुनी आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी सासष्टीतील नवख्रिस्ती लोकांसाठी ‘क्रिस्तपुराण’ हे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी काव्य रचले. ते १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले आणि चर्चमध्ये वाचले जाऊ लागले. परकीय धर्मोपदेशकाने पुराणाचा घाट आणि ओवीचा छंद स्वीकारावा, यामागची दृष्टी खोल होती, कारण ऐकणाऱ्याच्या जगात शिरल्याशिवाय कथा त्याची होत नाही. येशूची स्वतःची पद्धतही तीच होती. त्याने तत्त्वे मांडली ती बी पेरणारा, हरवलेले मेंढरू, पिठात मिसळलेले खमीर अशा दृष्टांतांतून, म्हणजे परिचित प्रसंगातून गूढ अर्थ सुचवणाऱ्या लघुकथांतून. मराठीला हा प्रकार चक्रधरांच्या ‘दृष्टांतपाठा’पासून ओळखीचा आहे आणि १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याला शिक्षक असलेल्या खांडेकरांनी रूपककथेच्या रूपाने तो आधुनिक मराठीत पुन्हा प्रतिष्ठित केला.

असा एक दृष्टांत शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर जसा समजतो तसा पुस्तकात समजत नाही. मत्तयच्या तेराव्या अध्यायात स्वर्गाच्या राज्याला समुद्रात टाकलेल्या जाळ्याची उपमा आहे. ते भरल्यावर लोक काठाला ओढतात, बसून चांगले मासे भांड्यांत भरतात आणि वाईट फेकून देतात. मूळ ग्रीक मजकुरातील हे जाळे हातातून फेकायचे पागेर नसून काठावरून ओढायचे मोठे जाळे आहे, म्हणजे मालवणी किनाऱ्यावरची रापण. होडीने अर्धवर्तुळात सोडलेल्या या जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर दोन रांगा ओढतात, आणि वाळूवर जे येते त्यात बांगडा आणि तारली यांच्यासोबत विषारी केंडही असतो. ओढताना निवड करता येत नाही; निवड बसून, नंतर होते. मंडळीत, कुटुंबात, गावात कोण खरा आणि कोण खोटा याचा निकाल आजच लावण्याची ज्यांना घाई असते त्यांना हा दृष्टांत थांबवतो, कारण ती निवड येशूने माणसांकडे सोपवलेलीच नाही. माणसांच्या वाट्याला दोर ओढण्याचे काम आहे. रापणीत दोराला हात लावणाऱ्याला माशांचा वाटा मिळतो, ही रीत त्या कथेत लिहिलेली नाही, पण तिच्या अर्थाला ती शोभून दिसते.

येथून मिठागरावर परत यायला हवे, कारण मिठाच्या वचनावर प्रवचने पुष्कळ झाली तरी मीठ पिकवणाऱ्यावर फार थोडी झाली आहेत. हंगामभर खाऱ्या पाण्यात उभे राहून पायांना चिरा पडतात, पांढऱ्या वाफ्यांवरून परतणारे ऊन डोळ्यांना जाळते, आणि अवेळी आलेली पावसाची एक सर आठवड्यांची मेहनत विरघळवून नेते. याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, असा खडखडीत इशारा आहे की शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आक्रोश देवाच्या कानी पोहोचतो. हे वाक्य मिठागराला, होडीला, काजूच्या कारखान्याला आणि घरकामाला तितकेच लागू आहे. गिरिप्रवचन मत्तयच्या पाचव्या ते सातव्या अशा तीनच अध्यायांत मावते आणि अर्ध्या तासात वाचून होते. ख्रिस्ती असो वा नसो, वाचकाने ते एकदा सलग वाचावे, आणि त्याआधी आपल्याकडे राबणाऱ्याची बाकी राहिलेली मजुरी चुकती करावी.