शिष्यवृत्ती कशासाठी?

रायपूर शहरात समता कॉलोनी नावाची वसाहत आहे. तिच्या शेजारच्या चौबे कॉलोनीत १९३५ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आहे. छत्तीसगढचा मुलूख १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, आणि पुढे मध्यप्रांत झाल्यावरही १९५६ पर्यंत राजधानी नागपूरच राहिली. साहजिकच येथे येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांनी लेखणीच्या आधारावर संसार उभा केला. कोणी कचेरीत लागले, कोणी शाळेत, कोणी रेल्वेत. शेतीवाडी मागे राहिलेली. मुलांचे शिक्षण हीच अशा घरांची खरी ठेव. तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलाला शिष्यवृत्ती मिळाली की घरी पेढे वाटले जावेत, यात नवल नाही. मात्र त्या आनंदात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही: शिष्यवृत्ती दिली जाते ती कशासाठी?

उत्तराचा धागा शब्दातच आहे. वृत्ती म्हणजे निर्वाहाचे साधन. बक्षीस झालेल्या कामाबद्दल मिळते. वृत्ती व्हावयाच्या कामासाठी मिळते. विद्यार्थ्याच्या मागची पोटापाण्याची काळजी काही काळ दूर करावी आणि त्याचे मन विद्येसाठी मोकळे ठेवावे, हा तिचा हेतू. त्यामुळे तिचे फळ गुणपत्रिकेत शोधू नये. ते पुष्कळदा तीस-चाळीस वर्षांनी, आणि कोठेतरी अनपेक्षित जागी दिसते.

चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण घ्यावे. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली त्यांचा जन्म झाला. १९१२ साली ते मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. नंतर केम्ब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला आणि १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत पहिला क्रमांक मिळवला. मध्यप्रांतातील नोकरीत याच रायपूर जिल्ह्याच्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचे काम त्यांच्याकडे आले. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० साली देशाचे अर्थमंत्री झाले. या साऱ्या कारभाराला संस्कृतची काहीच गरज नव्हती. तरीही कालिदासाच्या मेघदूताचा मराठी अनुवाद त्यांच्या हातून झाला. सोळाव्या वर्षी ज्या विषयासाठी वृत्ती मिळाली, तो विषय परीक्षेबरोबर संपला नाही. त्या शिष्यवृत्तीचे सार्थक झाले ते येथे.

असे भाग्य थोड्यांचे, हे मान्य केलेच पाहिजे. बहुसंख्य मुलांपुढचा प्रश्न याहून साधा आणि कठोर असतो: शाळेत राहावयाचे की कामाला लागावयाचे? मोफत व सक्तीच्या शिक्षणाची कायद्याने दिलेली हमी आठवीपर्यंत, वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत आहे. नेमक्या त्याच वळणावर केंद्र सरकारने २००८ साली आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील गुणवंतांसाठी एक शिष्यवृत्ती सुरू केली. देशभरात दरवर्षी एक लाख नव्या शिष्यवृत्त्या, आणि त्या नववीपासून बारावीपर्यंत चालू राहावयाच्या, अशी ही योजना. २०१७ सालापासून तिची रक्कम वर्षाला १२,००० रुपये आहे. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांसाठी ती असून आठवीत असताना तिची परीक्षा द्यावी लागते. एक प्रश्नपत्रिका बौद्धिक क्षमतेची, दुसरी शालेय विषयांची. महिन्याला हजार रुपये ही रक्कम सुखवस्तू घराला किरकोळ वाटेल. पण दुकानात हरकाम्या म्हणून उभे राहण्याच्या बेतात असलेल्या मुलाचे संध्याकाळचे तास त्यातून सुटतात.

येथे पालकांनी व शिक्षकांनी एक व्यवहार ध्यानात ठेवावा. ही शिष्यवृत्ती एकदा मिळाली म्हणजे आपोआप चालू राहत नाही. तिचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते आणि ठरलेले गुणही टिकवावे लागतात. पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. तेव्हा शाळेच्या दाखल्यावरील नाव आणि बँकेतील नाव यांत एका अक्षराचा फरक राहिला, तरी रक्कम अडकून पडू शकते. बुद्धीने मिळवलेले कागदाने घालवू नये.

पैशाने वेळ मिळतो. पण त्या वेळात मनाला काय मिळावे, हा पुढचा प्रश्न आहे. याचा विचार आपल्या देशात पूर्वीच झाला होता. १९६३ साली दिल्लीत केवळ दहा शिष्यवृत्त्यांनी राष्ट्रीय विज्ञान प्रतिभा शोध योजना सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती देशभर पसरली. तेव्हा उमेदवाराने लेखी उत्तरांबरोबर स्वतः केलेल्या एखाद्या प्रकल्पाचा अहवालही द्यावा, अशी अपेक्षा असे, आणि निवडलेल्यांसाठी उन्हाळी वर्ग भरत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिचे स्वरूप बदलले, इतर विषय आले, प्रकल्प गेला. आणि २०२१ नंतर तिला खंड पडला. पुण्यात १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तिचा हेतूही बुद्धिमान मुलांना नेहमीच्या शाळेपलीकडचे काही मिळावे हाच होता.

आज मात्र उलट प्रकार पुष्कळ घरी आढळतो. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी शिकवणी लावली जाते, सरावाच्या प्रश्नपत्रिकांचे ढीग रचले जातात, आणि जो वेळ मोकळा व्हावयाचा तोच आधी गहाण पडतो. गोष्टीचे पुस्तक हाती घेतलेल्या मुलाला, ‘हे परीक्षेला आहे का?’ असे विचारले जाते. प्रश्न सोडवण्याचा सराव हवाच. परंतु स्वतःला प्रश्न पडण्याची सवय त्याने लागत नाही.

ती सवय लावण्याची साधने महाग नाहीत. रायपूरला जी. ई. रोडवर २०१८ साली नालंदा परिसर हे रात्रंदिवस उघडे राहणारे वाचनालय सुरू झाले. आठवड्यातून एक संध्याकाळ मुलाने पाठ्यपुस्तकाबाहेरच्या पुस्तकासाठी राखून ठेवावी. हिंदी वा इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मराठी मुलाने वाचलेले घरी मराठीत समजावून सांगावे. जे दुसऱ्या भाषेत सांगता आले, ते खरोखर समजले असे मानण्यास हरकत नाही. आणि आईवडिलांनी निकालाच्या दिवशी किती गुण पडले एवढेच न विचारता, यंदा कोणता विषय आवडू लागला, हेही विचारावे. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलाला हा प्रश्न विचारायचा, तसाच ती एकदोन गुणांनी हुकलेल्या मुलालाही. त्याला तर तो अधिक अगत्याने विचारायला हवा.