आडनावांचा गोतावळा : पाटील, पटेल आणि शुल्त्स

लोहारांकडे वळायचं कबूल केलं होतं, ठाऊक आहे. श्मिट, कोवाच, कुझनेत्सोव अशी सगळी मंडळी भाते पेटवून बसली आहेत. त्यांना आणखी एक आठवडा कळ काढावी लागेल. कारण अक्कलकुव्याहून एका वाचकाचं पत्र आलंय. ते विचारतात, अंकलेश्वरच्या रस्त्यानं खापर ओलांडून सागबाऱ्याकडे गेलं की वसाव्यांचे वसावा होतात आणि पाटलांचे पटेल. मग यातलं अस्सल कोणतं?

वसाव्यांचं पुढे कधीतरी बघू. पाटील-पटेल मात्र दोन्ही अस्सल. दोघांचा पूर्वज ‘पट्टकिल’. माळव्याचे परमार राजे जमीन दान देताना ताम्रपटात ज्यांना उद्देशून ती गोष्ट कळवत, त्यांत हे पट्टकिल असत. अकराव्या शतकातल्या भोजाच्या काळीही. तोच गावचा मुख्य आपल्याकडे पाटील झाला, गुजरातेत पटेल. निजामाच्या तेलंगणात माली पटेल आणि पोलीस पटेल, तर विजापूर-धारवाडकडे पुन्हा पाटील. जातधर्माचं बंधन या नावानं कधी पाळलंच नाही. भरूचकडे मुसलमान पटेल आहेत, मुंबईत पारशी पटेल.

आता जर्मनीतले शुल्त्स बघा. मूळ शब्द शुल्टहाइस, म्हणजे ज्याचं त्याचं देणं भरायला फर्मावणारा. गावचा सारा गोळा करायचा, किरकोळ तंटे तोडायचे, वरच्या सरदाराला तोंड द्यायचं. पाटलाला हे काम नव्यानं शिकवावं लागलं नसतं! बाराव्या ते चौदाव्या शतकात जर्मन शेतकरी पूर्वेकडे वस्ती करायला निघाले, तेव्हा नवं गाव उभं करून देणाऱ्याला हे पद मिळे. सोबत बिनसाऱ्याची जमीन, दंडाच्या रकमेत हिस्सा, आणि मुख्य म्हणजे हे सगळं वंशपरंपरेनं. त्या वस्त्यांबरोबर नावही पसरलं. पोलंडमध्ये सोल्तिस, हंगेरीत शोल्तेस, जर्मनीच्याच पूर्वेकडच्या बोलीत शोल्त्स. परवापरवापर्यंत चान्सलर असलेले ओलाफ शोल्त्स त्यातलेच. काही शिकलेल्यांना हे नाव फारच गावठी वाटलं आणि त्यांनी त्याला लॅटिन झगा चढवला. संगीतकार मिखाएल प्रेटोरिउस (1571–1621) हा मूळचा शुल्त्सेच.

माझं म्हणणं असं की, हुद्द्याचं आडनाव व्हायला नुसता हुद्दा पुरत नाही, तो बापाकडून लेकाकडे जावा लागतो. आपली पाटीलकी म्हणजे वतनच. इनाम जमीन, होळीच्या पोळीचा मान, पोळ्याला वेशीतून पहिला बैल पाटलाचा. ती वाटून घेता येई, विकताही येई. जुनी खतं पाहिलीत तर मजकूर कुलकर्ण्याच्या हातचा असतो आणि खाली पाटलानं सहीऐवजी नांगर काढलेला असतो. मला त्या वेड्यावाकड्या नांगराइतकी बोलकी सही दुसरी ठाऊक नाही. एवढं सगळं घराण्याला चिकटल्यावर नाव चिकटणारच.

याचा उलटा पुरावा पत्र पाठवणाऱ्यांच्याच तालुक्यात आहे. मोलगीकडच्या डोंगरातल्या गावांत पोलीस पाटील असतात, पण त्यांची आडनावं वसावे, पाडवी, वळवी, तडवी. तिथे पाटील हा आजही हुद्दा आहे, आणि त्याचं आडनाव होणं आता अवघडच. 1962 च्या कायद्यानं महसुली पाटीलकी संपली, आणि 1967 च्या ग्राम पोलीस कायद्यानं पोलीस पाटील सरकारनं नेमायचा ठरला. वारसा उरला नाही. पोलंडमध्ये तर दोन्ही शेजारी नांदतात. सोल्तिस आडनावाची माणसंही आहेत आणि गावानं निवडून दिलेला सोल्तिसही आहे.

अक्कलकुवा, तळोदा, सागबारा भागातल्या कुणाच्या घरी नांगराच्या निशाणीचं जुनं खत असेल, तर मूळ कागद पाठवू नका, त्याचा फोटो पाठवा. पुढच्या आठवड्यात लोहार. या वेळी नक्की.